वाचकांचे प्रश्न : नव्याने बांधलेले जुने इंजिन ठोकू लागले, तर

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे बेळगाव सीमाभागातून आलेली आहेत आणि तिन्हींचा विषय एकच आहे: इंजिनाचे पूर्ण काम करून घेतल्यावर ऐकू येऊ लागलेला ठोका. पहिल्या पत्रातील गाडी खरोखर धोक्यात आहे, म्हणून त्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांनी तंबाखूच्या व्यापारासाठी १९६७ साली घेतलेली अँबॅसिडर मार्क २ बारा वर्षे शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीनंतर इंजिन उतरवून बेळगावात पूर्ण काम करून घेतले. ब्लॉक ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) २० थाऊ ग्राइंड करून नवी बेअरिंग घातली, हेडचे फेसिंग केले, म्हणजे तळ घासून सपाट केला, आणि ऑइल प्रेशरचे गेज नव्याने बसवले. पहिले ५०० किलोमीटर गाडी हळू चालवली, तेव्हा आवाज अजिबात नव्हता. आता ६०० किलोमीटर झाले आहेत. परवा संकेश्वरहून परत येताना ताशी ५० च्या आसपास ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला की खालून ‘ठक-ठक-ठक’ असा आवाज येऊ लागला. तवंदी घाट चढताना मात्र तो फारसा जाणवला नाही. सकाळी थंड इंजिनात पहिली दहा मिनिटे काहीच ऐकू येत नाही. सुरुवातीला गरम इंजिनातही चालत्या गाडीत गेज ४५ पौंड दाखवत असे, आता गाडी उभी राहिली की सुई ५ च्या खाली उतरते. एक मिस्त्री म्हणतात की पिस्टन नवे आहेत, आपोआप बसतील. दुसरे म्हणतात, टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्या. तिसऱ्यांनी जाड ऑइल घालायला सांगितले आहे. इंजिन इतक्यात पुन्हा उघडण्याची माझी तयारी नाही. काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सर्वप्रथम, गाडी चालवणे आजच थांबवा. बेळगावापर्यंतचे सुमारे ७५ किलोमीटरही ती स्वतःच्या इंजिनावर नेऊ नका. दुसऱ्या वाहनावर चढवून न्या. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. आपण आवाज फार नीट ऐकला आहे आणि तो केव्हा येतो, केव्हा येत नाही, हे जसेच्या तसे लिहिले आहे. इंजिनाचे निदान अर्धे इथेच होते, आणि आपण नोंदवलेल्या चारही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात.

तिन्ही मिस्त्रींचे म्हणणे त्या चार गोष्टींवर तपासून पाहू. नव्या पिस्टनचा आवाज हा थंड इंजिनाचा आवाज असतो. पिस्टन आणि बोअर यांच्यातील फट थंडपणी जास्त असते, म्हणून पिस्टन बाजूने आपटतो आणि रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ आवाज येतो. इंजिन तापून पिस्टन फुगला की तो कमी होतो. आपल्याकडे नेमके उलटे घडते आहे. टायमिंग पुढे गेल्यामुळे होणारे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी पेटणे, भाराखाली होते, म्हणजे चढावर, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला असताना. आणि त्याचा आवाज ठोक्यासारखा नसून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आणि झणझणीत असतो. तसे असते तर तवंदी घाटाने ते सर्वांत आधी ऐकवले असते. राहता राहिले जाड ऑइल. त्याने गेजची सुई थोडी वर येईल, ठोका काही दिवस दबेल, आणि ज्या दिवशी तो पुन्हा ऐकू येईल त्या दिवशी क्रँक ग्राइंड करण्याजोगा उरलेला नसेल. या इंजिनासाठी २०-डब्ल्यू-५० ऑइल योग्य आहे. दोष शोधून काढेपर्यंत त्याहून जाड ऑइल मुळीच घालू नका.

पाय उचलल्यावर येणारा ठोका हे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या, म्हणजे बिग एंड बेअरिंगच्या, सैलपणाचे लक्षण आहे. इंजिनावर भार असतो तेव्हा पेटलेल्या वायूचा दाब रॉडला क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो त्यावर) एकाच बाजूने रेटून धरतो, त्यामुळे फट असली तरी ती बोलत नाही. पाय उचलताच तो दाब ओसरतो, पिस्टनची स्वतःची गती रॉडला ओढू लागते, फट एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते आणि प्रत्येक फेरीला ठोका पडतो. मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा, आवाज याहून खोल आणि जड असतो, जमिनीतून आल्यासारखा वाटतो, आणि तो गाडी जोर लावत असताना वाढतो. त्यातच गरम ऑइल पातळ होऊन वाढलेल्या फटीतून निसटते, म्हणून उभ्या गाडीत सुई खाली बसते. जुन्या इंजिनांसाठी मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड दाब असावा, असा कामचलाऊ हिशेब आहे; त्या मानाने तापलेले इंजिन उभ्या गाडीत ५ पौंडही दाखवत नसेल तर ते तेलाविना चालल्यासारखेच समजावे. गेज नवे आहे, म्हणून त्याच्या जागी दुसरे गेज लावून एकदा खात्री मात्र करून घ्या.

संशय पक्का करण्यासाठी एक चाचणी गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर दोन-तीन मिनिटांत होते आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. इंजिन गरम करून बंद करावे, एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून ती क्लिपने इंजिनाच्या धातूला जोडावी, मग इंजिन सुरू करून ज्या गतीला ठोका येतो तिथे हलकेच आणावे. असे चारही सिलिंडरांचे एकेक करून पाहावे. चालत्या इंजिनातली वायर हाताने ओढू नये, कारण तिच्यात हजारो व्होल्टचा करंट असतो आणि वायर मोकळी लोंबत राहिली तर कॉइललाही इजा होते. ज्या सिलिंडरचा करंट तोडल्यावर ठोका एकदम मंदावेल, त्याचा बिग एंड दोषी समजावा. कोणताही एक प्लग तोडून फरक पडत नसेल, पण शेजारचे दोन एकत्र तोडल्यावर पडत असेल, तर त्या दोहोंमधल्या मेन बेअरिंगकडे पाहावे. गजन पिनचा (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा) आवाज वेगळाच असतो: बारीक, टणक, दुहेरी, आणि करंट तोडल्यावर तो थांबण्याऐवजी अनेकदा अधिक स्पष्ट होतो. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) टिकटिकीवर करंट तोडण्याचा परिणाम होत नाही, शिवाय तिची गती क्रँकच्या निम्मी असते. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर टॅपेट सेकंदाला पाचदा वाजतो, तर बिग एंड दहादा. कान सरावलेला असेल तर हा फरक घड्याळाशिवायही कळतो.

ऐकताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवावी. ती ऑइल चेंबरच्या कडेपासून वर सरकवत नेली की आवाज कुठे दाट होतो ते समजते. मात्र फिरणाऱ्या फॅनपासून आणि पट्ट्यापासून सैल कपडे दूर ठेवावेत. याच वेळी बाहेरचे संशयितही तपासून घ्या: क्रँकची सैल पुली, डायनॅमोचा तडकलेला ब्रॅकेट, बसलेले इंजिन माउंट. पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले की यातले दोन लगेच निर्दोष ठरतात. अशा साध्या कारणासाठी चांगले बांधलेले इंजिन उघडले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे. तुमच्या गाडीत मात्र घसरलेल्या दाबामुळे दोष आत असल्याबद्दल मला फारशी शंका नाही.

यानंतर ऑइल गरम असतानाच स्वच्छ परातीत काढा. फिल्टरमधला कागद कापून त्याच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडा आणि उन्हात धरून तिरक्या नजरेने पाहा. नव्या रिंगा आणि बोअर घासून येणारी लोखंडाची काळसर भुकटी पहिल्या ५०० किलोमीटरांत थोडी असणारच, आणि ती चुंबकाला चिकटते. बेअरिंगचा मऊ धातू चुंबकाला चिकटत नाही. तो गुलालातल्या अभ्रकासारखा चंदेरी चमकतो. त्यात तांबूस कण दिसले तर वरचा थर जाऊन बेअरिंग खालच्या तांबेमिश्रित थरापर्यंत खाल्ले गेले आहे, असे समजावे.

आता उघडण्याविषयी. इंजिन पुन्हा पूर्ण उतरवावे लागेल या भीतीने आपण थांबला आहात, परंतु पहिल्या तपासणीसाठी हेड काढायची गरज नाही. ऑइल चेंबर खाली घेतला की रॉडच्या टोप्या, म्हणजे मोठ्या टोकाचे बोल्टने आवळलेले खालचे अर्धे भाग, हाताशी येतात. जागा अपुरी पडली तर माउंट सोडून इंजिन थोडे उचलावे लागते. टोपी काढण्यापूर्वी रॉड आणि टोपी यांवरचे क्रमांक एकाच बाजूला आणि एकसारखे आहेत का, ते पाहा. टोपी आणि रॉड एकत्र बोअर केलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या रॉडची टोपी किंवा उलटी बसवलेली टोपी असेल तर भोक गोल राहत नाही आणि नवे बेअरिंग काही शे किलोमीटरांत खाल्ले जाते.

फट मोजण्यासाठी प्लॅस्टिगेज वापरा, अंदाज नको. मेणासारखा हा बारीक धागा असतो. पिन आणि बेअरिंग पुसून कोरडे करायचे, धाग्याचा तुकडा पिनवर तिच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, टोपी बसवून मॅन्युअलमधल्या मापाला टॉर्क पान्याने आवळायची आणि क्रँक जराही न फिरवता पुन्हा सोडायची. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या छापील पट्टीशी लावून पाहिला की फट कळते. धागा जितका रुंद पसरेल तितकी फट कमी. पिनच्या व्यासाच्या दर इंचाला सुमारे एक थाऊ, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या १४८९ सीसी इंजिनाची पिन मुळात पावणेदोन इंचांहून थोडी जास्त आहे, म्हणजे एक ते अडीच थाऊपर्यंत फट समाधानाची. चार-पाचच्या पुढे ती ऐकू येऊ लागते. एकाच पिनवर दोन ठिकाणी धागा ठेवा. एका कडेला अरुंद आणि दुसऱ्या कडेला रुंद पसरला, तर पिन निमुळती घासली गेली आहे किंवा रॉड वाकडा आहे.

पहिले ५०० किलोमीटर शांत गेले आणि मग आवाज सुरू झाला, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रँक २० वर आणि बेअरिंग १० चे, अशी मापांची सरळ चूक असती तर ठोका पहिल्या दिवशीच ऐकू आला असता. उलट चूक असती तर बेअरिंग बसलेच नसते. इथे बेअरिंग योग्य मापाचे बसले आणि नंतर खाल्ले गेले, असे दिसते. माझ्या उमेदवारीच्या काळात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अशीच एक गाडी दुसऱ्यांदा आली होती. ग्राइंडिंगनंतर क्रँक डिझेलने वरवर धुतली होती आणि कापडाने पुसून चकचकीत केली होती. आमच्या वस्तादांनी मला बाटली धुण्याचा बारीक ब्रश दिला आणि तेलाच्या भोकात घालायला सांगितला. ब्रश बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना करड्या रंगाचा लगदा चिकटला होता. चिमटीत घासला तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखा किरकिरत होता. तो ग्राइंडिंगच्या चाकाचा चुरा होता, आणि ऑइल पंप तोच चुरा प्रत्येक फेरीला बेअरिंगमध्ये ढकलत होता. पुढे स्वतः काम करू लागल्यावर क्रँकची प्रत्येक भोकवाट आरपार ब्रश फिरवून, दाबाच्या हवेने फुंकून आणि शेवटी पांढऱ्या कापडावर तपासल्याखेरीज मी एकही इंजिन बांधलेले नाही. वाटेच्या टोकाला प्लग ठोकलेले असतील तर ते काढलेच पाहिजेत. ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेलाही हेच लागू आहे, कारण बोअरिंग आणि होनिंगचा चुरा तिथे जातो.

काढलेल्या बेअरिंगच्या पाळ्या (अर्धगोल तुकडे) फेकू नका. त्या वाचता येतात. पृष्ठभागावर बारीक ओरखडे आणि रुतलेले कण असतील तर कारण घाण. फक्त दोन्ही कडा घासलेल्या असतील तर पिनच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडिंगवाल्याने जास्त ठेवली आहे आणि पाळी तिच्यावर चढते आहे. पाठीवर चकाकणारे डाग असतील तर ती भोकात घट्ट बसलेली नव्हती. एकाच रॉडची पाळी गेली आणि बाकीच्या तीन स्वच्छ असतील, तर त्या पिनकडे जाणारी वाट कुठेतरी अडली आहे का हे पाहिल्याशिवाय नवी पाळी घालू नये.

पिन खराब झालेली आढळली तर क्रँक ३० थाऊवर न्यावी लागेल. बेअरिंग १०, २०, ३० आणि ४० अशा मापांत येतात, म्हणजे अजून दोन पायऱ्या आपल्या हाती आहेत. असेच आणखी दोनशे किलोमीटर चालवले तर कदाचित एकही उरणार नाही, आणि रॉड तुटला तर ब्लॉकही जाईल. ओतकाम आणि क्रँकशाफ्टचे यंत्रकाम यांसाठी नाव असलेल्या बेळगावात हे काम उत्तम करणारी माणसे आहेत. त्यांच्याकडून प्रत्येक पिनची मायक्रोमीटरने दोन दिशांनी घेतलेली मापे कागदावर लिहून घ्या. दोन दिशांतला फरक अर्ध्या थाऊहून अधिक असेल तर क्रँक परत करा.

या १४८९ सीसी इंजिनाबद्दल आणखी एक सूचना. याच्या रॉडच्या लहान टोकात गजन पिन एका बोल्टने आवळून धरलेली असते. तो बोल्ट आवळताना पुष्कळ फिटर रॉडच शिकंज्यात धरतात, आणि त्या जोराने रॉडला पीळ बसतो. पिनच्या दोन्ही टोकांत आधाराचे तुकडे घालून पिन धरावी आणि मग बोल्ट आवळावा. एखादा रॉड बाहेर काढण्याची वेळ आली तर त्याचा सरळपणा तपासून घ्या आणि या बोल्टची स्प्रिंग वॉशर नवी घाला.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. हेडचे फेसिंग आतापर्यंत दोनदा झाले आहे. खानापूर-बेळगाव भागात गाडी गोड चालते. चोर्ल्याहून गोव्यात उतरून परत घाट चढताना मात्र खडखड असा बारीक नॉकिंगचा आवाज येतो. पेट्रोल खराब असेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपला आवाज पहिल्या पत्रातल्यापेक्षा अगदी वेगळा आहे. हा ज्वलनाचा आवाज आहे, बेअरिंगचा नाही. पेट्रोलला दोष देण्याची घाई करू नका; ज्या काळात ही गाडी बनली त्या काळच्या पेट्रोलपेक्षा आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक जास्तच आहे, आणि कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला तो पुरून उरतो. गाडी मूळ मापात असेल तर तिने नॉक करण्याचे कारण नाही, म्हणून माप कुठे बदलले ते शोधावे.

पहिला संशय हेडवर आहे. या इंजिनाचा बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २७२ सीसी. समजा मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ७.३ आहे, तर ज्वलनकक्ष सुमारे ४३ सीसीचा होतो. दोन फेसिंगमध्ये मिळून एक मिलिमीटर धातू गेला असेल तर त्यातले तीन-साडेतीन सीसी कमी होतात आणि रेशो ७.८ च्या घरात जातो. हेड उघडून, प्लग लावून, ते उताणे समतल ठेवावे आणि कक्षात मोजपात्रातून पातळ तेल सोडून चारही कक्ष मोजावेत. फार कमी भरले तर जाड गॅस्केट घालून फरक भरून काढता येतो. त्याच वेळी गॅस्केटचे भोक बोअरपेक्षा लहान नाही ना, ते पाहा. आत डोकावणारी कड तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

फक्त गोव्याच्या बाजूनेच आवाज का येतो, याचे उत्तर उंचीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथल्या विरळ हवेत कानाने पुढे नेलेले टायमिंग खपून जाते, पण घाटाखालच्या दाट हवेत सिलिंडर अधिक भरतो, आणि लगेच चढ, भार व उष्णता एकत्र येतात. टायमिंग स्ट्रोब दिव्याने मूळ खुणेवर आणा आणि डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकलेली नाहीत ना, हे हाताने फिरवून पाहा. आणखी एक गोष्ट आता दुर्लक्ष करण्यासारखी राहिलेली नाही. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याला पूर्ण ज्वलनासाठी हवा कमी लागते: साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. जुन्या जेटवर चालणारा कार्बोरेटर त्यामुळे पातळ मिश्रण देतो आणि इंजिन जास्त तापते. प्लगचे टोक पांढुरके दिसत असेल तर मुख्य जेट एक माप मोठा घालून पाहा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही याच कारणाने बदलून घ्या.

प्रश्न : महिंद्राच्या जुन्या पेट्रोल सीजे-३बी जीपचे इंजिन बांधून घेतले. उभ्या गाडीत ठोका येतो आणि क्लच दाबला की नाहीसा होतो. बिग एंड असेल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : क्लच दाबल्याने बिग एंडचा आवाज बदलत नाही. क्लच दाबताना क्रँक पुढे रेटली जाते, म्हणून क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल प्रथम मोजा. पुलीसमोर डायल लावा, पहारीने क्रँक हलकेच पुढे-मागे सरकवा आणि काटा किती फिरतो ते पाहा. या इंजिनात ही हालचाल ४ ते ६ थाऊ असावी आणि ती पुढच्या बाजूच्या शिम (पातळ चकत्या) काढून-घालून जुळवायची असते. बांधताना जुन्याच शिम वापरल्या गेल्या असतील तर ती वाढलेली सापडेल. माप बरोबर निघाले तर गिअरबॉक्स मागे घेऊन फ्लायव्हीलचे बोल्ट पाहावे लागतील. एखादा सैल असेल तर फक्त आवळून भागत नाही. फ्लायव्हील उतरवून त्याची भोके लांबट झाली आहेत का, तेही तपासावे.